मेट्रनबाईंच्या तीनशे बाटल्या

मेट्रनबाई पेशंटला आधी हुंगायच्या, नाडी नंतर बघायच्या. सकाळच्या राउंडला कॉटजवळ आल्या की जराशा वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि श्वास आत घ्यायच्या. नव्या नर्सेसना हसू आवरायचं नाही. मलाही आवरलं नव्हतं. पण माझं हसू पहिल्याच आठवड्यात बंद झालं.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी कॅज्युअल्टीत एका माणसाला स्ट्रेचरवर टाकून आणलं. बसस्टँडच्या मागे पडलेला सापडला होता. कपडे मळलेले, बोलणं अडखळतं, थोड्या वेळानं तेही थांबलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, पिऊन पडलाय, कोपऱ्यात ठेवा, उतरेल संध्याकाळपर्यंत. मेट्रनबाई दुसऱ्याच कामाला निघाल्या होत्या. दारातून परत फिरल्या, त्या माणसाच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, "ही दारू नाही. दारूच्या वासात मी लहानाची मोठी झाले. हा पिकून सडलेल्या पेरूचा वास आहे. याची साखर बघा."

साखर बघितली. ती भलतीच वाढलेली होती. चौथ्या दिवशी तो माणूस कॉटवर उठून बसला. कन्हानच्या एका शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर निघाला, जन्मात दारूला न शिवलेला. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं मेट्रनबाईंचं पेन्सिलीनं चित्र काढून दिलं. चित्रात नाक जरा मोठंच आलं होतं. त्यांनी ते ऑफिसात लावलं आणि खाली तारीख घातली.

तारीख त्या सगळ्यावर घालायच्या. लोणच्याच्या बरणीवर, आलेल्या पत्रावर, नव्या झाडूवर, रिफिल बदललेल्या पेनावर. वर्षाच्या आतलं लोणचं त्या तोंडात घालत नसत. चहा झाकून घड्याळ लावून बसायच्या. घाई करणाऱ्या इंटर्नला रागवायच्या त्या जर्मनमध्ये, अगदी हळू आवाजात. त्या पोरांना एक अक्षर कळायचं नाही, त्यामुळे ती जास्तच घाबरायची. एकदा मी विचारलं, तुम्ही त्याला काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "काही नाही. बटाटे कसे उकडायचे ते सांगितलं."

त्यांच्या क्वार्टरमध्ये एक खोली जास्तीची होती. नर्सेसचं होस्टेल भरलेलं असल्यानं मी पारशिवनीकडची पोरगी त्या खोलीत राहायला गेले, आणि दोन महिन्यांसाठी गेलेली पाच वर्षं राहिले. हॉस्पिटलात त्या शुद्ध, तोलूनमापून बोलायच्या. क्वार्टरचं दार लागलं की उत्तर नागपूरच्या वस्तीतली त्यांची बोली सुरू व्हायची.

दर जानेवारीत एक जाड निळं पाकीट यायचं, परदेशी तिकिटांचं. त्या दिवशी त्या जेवायच्या आधी आंघोळ करून, चष्मा पुसून, पलंगावर बसून ते वाचायच्या. पहिल्या वर्षी मी काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी न राहवून विचारलं, तुमचं कोणी तिकडं आहे का?

"हाय ना," त्या म्हणाल्या. "तीनशे बाटल्या हायेत माह्या तिथं. कशा हायेत ते कळवून राहिले."

मला वाटलं, औषधाच्या. त्यांनी सांगितलं, द्राक्षाच्या पांढऱ्या दारूच्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मेट्रनबाई सुपारीसुद्धा खात नसत. वार्डबॉयला हे कुठून तरी कळलं, तर त्यानं आदबीनं विचारलं की पांढरी म्हणजे आपली मोहाची, पहिल्या धारेची असते तशीच काय? त्यावर मात्र त्या खूप हसल्या.

त्यांची हकीकत मला एकदम कळली नाही. पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळली. वडील कन्हानच्या कोळसा खाणीत होते. आठवड्याचा पगार घरी यायच्या आधी भट्टीवर जायचा, आणि एका पावसाळ्यात वडीलही गेले. आईनं लोकांची धुणी करून पोरीला शिकवलं. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा मायलेकी पांढरी लुगडी नेसून त्या गर्दीत उभ्या होत्या. पुढं त्या एका मिशन इस्पितळात नर्सिंग शिकल्या. तिथल्या जर्मन डॉक्टरीणबाईंनी त्यांचं काम बघून त्यांना आपल्या देशात पाठवलं. तेव्हा तिकडं नर्सेस कमी पडत होत्या.

मोझेल नावाच्या नदीकाठच्या गावात त्या सात वर्षं होत्या. शेवटची दोन वर्षं एका द्राक्षबागायतदार घराण्यातल्या म्हाताऱ्या आजीची सेवा केली. त्या आजीला सगळे ओमा म्हणत. ओमा म्हणजे तिकडली आजी. घराणं अकरा पिढ्यांपासून त्याच डोंगरउतारावर द्राक्षं लावत होतं. उतार एवढा उभा की माणसं कमरेला दोर बांधून तोडणी करायची. जमीन मातीची नव्हतीच, पाटीच्या दगडाची होती. आपल्या शाळेतली पाटी असते ना, तसल्या दगडाचा भुगा.

ओमाला अर्धांगवायू झाला होता आणि त्यात वास येणं गेलं होतं. साऱ्या तळघराची दारू जिच्या नाकावर चालायची, तिचंच नाक मेलं. मग ती दर संध्याकाळी पेला मागवायची आणि नागपूरच्या या नर्सला म्हणायची, तू हुंग आणि मला सांग. प्यायचं नाही, फक्त सांगायचं. मेट्रनबाईंना तिकडल्या फळांची, फुलांची नावं येत नव्हती. मग त्या आपल्याकडली सांगायच्या. हिच्यात कैरी आहे. हिच्यात संत्र्याचं साल आहे, चुरगाळलेलं. हिच्यात बोळा फिरवलेली ओली पाटी आहे. ओमा प्रत्येक वस्तूची चौकशी करायची, कैरी कशी असते, संत्री कुठल्या महिन्यात येतात. अशी दोन वर्षं त्या घरात रोज संध्याकाळी नागपूर निघायचं.

परत यायचं ठरलं त्या शरदात तिकडं द्राक्षाचं पीक फार उत्तम आलं होतं. ओमानं सांगितलं, पैसे घेऊन जाऊ नकोस. त्यांच्या देशात एकदा नोटांची अशी गत झाली होती की पाव आणायला पिशवीभर नोटा न्याव्या लागायच्या. त्या दिवसांत तळघरातल्या जुन्या बाटल्यांनी घर तारलं होतं. मेट्रनबाई नवी दारू बाटल्यांत भरेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी रात्रंदिवस राबून साठवलेल्या पगारातून वरच्या उताराच्या तीनशे बाटल्या घेतल्या आणि तिथंच ठेवल्या. तिथलं तळघर बाराही महिने थंड. नागपूरच्या मे महिन्यात त्या बाटल्यांचं सरबत झालं असतं.

मी म्हटलं, बाई, सोनं घ्यायचं होतं. त्यांनी जे उत्तर दिलं ते मला आजही ऐकू येतं.

"सोनं जेवढ्याचं तेवढंच राहते वं. आमच्या घरात सकाळचं संध्याकाळपर्यंत उरत नव्हतं. ठेवल्यानं चांगली होते, अशी बी वस्तू असते, हे मले चाळिशीले आल्यावर कळलं. मंग मी ठरवलं, आपल्या घरात असं काही असलंच पायजे."

सरकारला त्यांनी हे सगळं आल्याआल्या रीतसर कळवलं होतं. परदेशात काय आहे ते लपवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. ऑफिसातल्या बाबूला रकाना सापडेना. त्यानं विचारलं, मालमत्ता स्थावर की जंगम? त्या म्हणाल्या, "दोन्ही नाही. मुरते आहे." अकरा महिन्यांनी शिक्क्यांचा कागद आला. तोही तारीख घालून ट्रंकेत गेला.

"मुरू दे" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी स्वतःची चूक माझ्यावर ढकलली, चारचौघांत बोलले. मी त्याच दुपारी राजीनामा लिहिला आणि नेऊन मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, एक शुद्धलेखन सुधारलं, तारीख घातली आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. म्हणाल्या, पंधरा दिवसांनी उघडू. त्या पंधरा दिवसांत त्यांनी मला न सांगता वार्डातली जुनी रजिस्टरं काढली, औषध कोणी लिहिलं होतं ते शोधलं आणि तो कागद त्या डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टर स्वतः येऊन मला सॉरी म्हणाले. पंधराव्या दिवशी डबा उघडला तेव्हा मी राजीनामा वाचला आणि मलाच कळेना की हे एवढं रडकं पत्र लिहिणारी कोण होती.

पण सगळंच मुरू देऊन भागत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी आमच्याकडे ट्रेनिंगला निवडली गेली होती. हुशार, हात हलका. होस्टेलात जागा नव्हती. नातेवाइकांकडे दीड महिना राहिली, त्यांनी नको म्हटलं, आणि एका सकाळी ती पत्र्याची पेटी घेऊन गावी परत गेली. मेट्रनबाई तेव्हा रजेवर होत्या. आल्यावर कळलं. त्या बसनं तिच्या गावापर्यंत गेल्या, तोवर तिचं लग्न ठरलेलं होतं. परत आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी शहराबाहेर, बेशाला, एक तुकडा जमीन घेतली. तेव्हा बेसा म्हणजे निव्वळ शेतं. रिक्षावालासुद्धा तिकडं यायला कुरकुरायचा. लोक म्हणाले, कोल्हे पाळणार का? त्यांनी जमिनीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. पुढची अनेक वर्षं तिथं ते चार दगडच होते.

बाटल्यांची गोष्ट वस्तीत कळली तेव्हा मात्र अवघड झालं. मेट्रनबाई दर पौर्णिमेला विहारात जायच्या. कधी कधी मीही जायचे. तिथं सगळे मिळून पंचशील म्हणत. पहिली चार शीलं मेट्रनबाई खणखणीत म्हणायच्या आणि पाचव्याला, मद्य वर्ज्य करण्याच्या शीलाला, ओठ मिटून घ्यायच्या. मला ते विचित्र वाटायचं, कारण त्या सगळ्या सभेत ते शील जर कोणी काटेकोर पाळत असेल तर त्याच. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पीत नाही मी. पण माह्या नावावर हाय ना. जोवर हाय तोवर कोणत्या तोंडानं म्हणू?" शेवटपर्यंत त्यांनी ते म्हटलं नाही.

महिला मंडळाचं काम त्यांच्याकडे द्यायचं घाटत होतं, तेव्हा वस्तीतले एक जुने कार्यकर्ते उभे राहिले. सगळे त्यांना काकाजी म्हणत. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, सरळ माणूस. त्यांनी आवाज न चढवता विचारलं की बाई, दारूत पैसा घालणाऱ्या बाईच्या हाताखाली आमच्या सुना-लेकींनी काय शिकायचं? मला वाटलं, या आता रागवतील, नाहीतर उठून जातील. त्या उभ्या राहिल्या.

"काकाजी, तुम्ही बरोबर इचारलं," त्या म्हणाल्या. "माह्या बापाले दारूनं नेलं. मायची जवानी नेली, माह्या भावाची शाळा नेली. घेतलं तिनं, दिलं कधीच नाही. मी तिच्याकडून थोडं परत मागून राहिली. ते चूक असन तर मले मंडळ देऊ नका. पण जे परत येईल, ते मी माह्यासाठी ठेवणार नाही, हे इथं उभी राहून सांगते."

मंडळ त्यांना मिळालं नाही. काकाजींनी आपलं मत बदललं नाही. पण त्या दिवसानंतर विहारातून निघताना ते मेट्रनबाईंच्या चपला सावलीत सरकवून ठेवू लागले, हे मी स्वतः बघितलं आहे.

पुढं माझं लग्न झालं, मला दुसरं क्वार्टर मिळालं, पण जानेवारीच्या पत्राला मी हजर असायचेच. एका वर्षी पत्र उशिरा आलं, उन्हाळ्यात. त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून मांडीवर ठेवलं. ओमा त्याआधीच गेली होती. आता नदीला मोठा पूर येऊन तळघरात पाणी शिरलं होतं. बाटल्या फुटल्या नव्हत्या, बुचं पक्की होती, पण लेबलं धुऊन गेली होती. गाळ काढताना माणसांनी बाटल्या जागच्या हलवल्या. आता त्या वर्षीचे दोन ढीग होते, एक वरच्या उताराचा आणि एक खालच्या, आणि कुठला कुठला ते कोणाला सांगता येत नव्हतं. ओमाचे दोन मुलगे, एक म्हणे हा, दुसरा म्हणे तो. बुचावर फक्त वर्ष होतं. वरच्या उताराची दारू आता मोलाची झाली होती. खालची नुसती घरात स्वयंपाकाला वापरण्याजोगी.

भावांनी पत्रातून पर्याय दिला होता. आहे तशा बाटल्या ते मूळ किमतीला परत घ्यायला तयार होते. मी म्हटलं, घ्या आणि मोकळ्या व्हा. त्या म्हणाल्या की पुरानं लेबलं नेली, आतलं नेलं नाही. नाही म्हणून कळवून टाकलं.

चार वर्षं अशीच गेली. त्यांची निवृत्ती आली. मे अखेर क्वार्टर सोडायचं होतं आणि बेशाला अजून चार दगडच होते. भावाकडे जाणार का विचारलं तर म्हणायच्या, बघू. पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. चहाला घड्याळ लावायचंही विसरायला लागल्या.

आणि त्या एप्रिलात पत्र आलं की ओमाची नात येते आहे. भावाभावांचा वाद इतका वाढला होता की तळघराला दोन कुलपं लागली होती. तेव्हा या नातीला ओमाचं बोलणं आठवलं. म्हातारी म्हणायची, माझं नाक मी त्या हिंदुस्थानी पोरीला देऊन टाकलं आहे. ती दारू कोवळी असताना दोन्ही उतारांची हुंगलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं. ते जे सांगेल ते दोघा भावांनी मानायचं कबूल केलं होतं. नात दोन बाटल्या घेऊन येत होती, दोन ढिगांतली एकेक.

मेट्रनबाईंनी तिला तारेनं कळवलं की दिवसा प्रवास करू नकोस, बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळ. मग तयारीला लागल्या. हॉस्पिटलचा फ्रिज वापरा म्हणून सगळे म्हणत होते, तो त्यांनी वापरला नाही. तो लसींसाठी आहे म्हणाल्या. कन्हानची वाळू मागवली, मोठ्या माठात भरून ओली केली आणि तो माठ कूलरसमोर ठेवला. तीन दिवस घरात फोडणी बंद. डोक्याला तेल नाही, साबण नाही, उदबत्ती नाही. मलाही नाही, कारण मी तिथं असणार होते. माझे यजमान तीन दिवस वरणभात खाऊन कंटाळले.

नात दिल्लीहून गाडीनं आली. पंचविशीची, उन्हानं लाल झालेली, सडपातळ पोरगी. मेट्रनबाईंना बघून ती काहीतरी म्हणाली आणि वाकून तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. मेट्रनबाई तिचा खांदा थोपटत राहिल्या. मग बाटल्या वाळूत गेल्या आणि पोरीला कैरीचं पन्हं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, आम्ही चौघं बसलो. मेट्रनबाई, ती नात, मी, आणि आमचे एक निवृत्त सर्जन. ते विलायतेत शिकलेले होते आणि वाइनमधलं कळणारे आमच्या ओळखीचे तेवढेच. मेट्रनबाईंना साक्षीला जाणकार माणूस हवा होता.

नातीनं दोन्ही बाटल्या उघडल्या आणि गरम पाण्यानं धुतलेल्या दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. दोन्हीचा रंग जुन्या पितळेसारखा. ती पोरगी आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरांनी पहिला पेला हुंगला, एक घोट घेतला आणि मान डोलावली. छान आहे म्हणाले, सफरचंद, मध. दुसरा नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. मग मेट्रनबाईंकडे झुकून मराठीत, हळूच म्हणाले, "बाई, पहिलीच वरच्या उताराची म्हणून सांगा. ही दुसरी गेली कामातून. हिला रॉकेलचा वास येतोय."

मीही हुंगला. खरंच रॉकेल. वाटलं, पुराच्या पाण्यात कुठलं तेल मिसळलं असणार.

मेट्रनबाईंनी पहिला पेला घेतला. मग दुसरा. मग उठून व्हरांड्यात गेल्या, पाच मिनिटं नुसती हवा घेऊन आल्या, पुन्हा दोन्ही. त्यांनी मला पेल्यांच्या बुडाला खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवायला सांगितलं, स्वतः पाठ केली आणि म्हणाल्या, बदल. मी पेले बदलले, बदलले नाहीत, पुन्हा बदलले. तीनदा झालं. तिन्ही वेळा डोळे मिटून त्यांनी एकच पेला उचलला. रॉकेलचा.

"ही वरच्या उताराची," त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, बाई, नीट विचार करा, या बोलण्यावर तुमचं सगळं आहे.

"इचार करूनच सांगून राहिली, डॉक्टरसाहेब," हॉस्पिटलच्या लोकांपुढं त्या पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलल्या. "ओमानं एकदा लढाईच्या आधीची बाटली उघडली होती. तिले असाच वास होता. मले वाटलं माह्या मायची रॉकेलची चिमणी लावली कोणी. ओमा म्हणे, चांगली म्हातारी झाली का अशीच होते. पण तेवढ्यावर मी बोलत नाही. रॉकेलच्या खाली पाटी हाय. बोळा फिरवलेली, अजून वाळली नाही अशी. ती दुसरीत नाही."

मग त्यांनी तेच नातीला तिच्या भाषेत सांगितलं. ती पोरगी खुर्चीवरून उठली आणि फरशीवर त्यांच्या पायाशी बसली. नंतर तिनं सांगितलं की त्या वासावर तिकडले लोक जीव टाकतात. पण कधी कधी तो खालच्या दारूलाही येतो, म्हणूनच तर भाऊ भांडत होते. पाटीबद्दल मात्र तिला काही माहीत नव्हतं. ओमाच्या जुन्या वहीत त्या वर्षाच्या पानावर एक शब्द होता ज्याचा अर्थ घरात कोणालाच लागत नव्हता. तिनं ते पानच वहीतून काढून आणलं होतं. कागद पुढं केला. ओमाच्या थरथरत्या अक्षरात, रोमन लिपीत लिहिलं होतं: पाटी.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला, बराच वेळ.

त्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यायले. एक चमचा, खोकल्याचं औषध घ्यावं तसा. मालकिणीच्या वतीनं कोणीतरी चाखावी असा त्या घराचा रिवाज होता म्हणे, आणि त्या स्वतः घेणार नव्हत्या. थंड, आंबटगोड, आणि मागं काहीतरी राहणारं. वार्डात पोचेपर्यंत ते जिभेवर होतं.

पावसाळ्यानंतर बाटल्या विकल्या गेल्याचं पत्र आलं. दोघा भावांनी एक कुलूप काढलं होतं, आणि मेट्रनबाईंच्या बाटल्यांना घरच्यांपेक्षा कमी भाव येऊ दिला नव्हता. तोवर मेट्रनबाई माझ्याकडेच राहत होत्या. पैसे आले तसं बेशाला बांधकाम सुरू झालं; रोज सकाळी त्या बस पकडायच्या आणि गवंड्यासमोर छत्री घेऊन उभ्या राहायच्या. पाच खोल्या, पुढं लांब व्हरांडा, मागं विहीर. एक खोली त्यांची, चार पोरींच्या. पायाभरणीला काकाजी आले होते. त्यांनी भाषण केलं नाही, दोन घमेली माती उचलली.

त्या हिशोबात मला एकच गोष्ट कळली नव्हती. तीनशेतल्या दोन डझन बाटल्या त्यांनी विकू दिल्या नव्हत्या. त्यांच्या बदल्यात यंदाची नवी, वरच्या उताराची दारू द्या म्हणून कळवलं होतं. आता नातीचं पत्र आलं होतं की नव्या बाटल्या जागेवर लागल्या, पाटीवर नाव काय घालायचं? बेशाच्या अर्धवट भिंतींमध्ये विटांवर बसून मी त्यांच्या सांगण्यावरून उत्तर लिहीत होते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, "लिही, बेसा."

मी लिहिलं. मग विचारलं, ही मुरायला वीस-पंचवीस वर्षं लागतील म्हणतात. तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या असाल, बाई?

त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं.

"मी राहीन का नाही, मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा जी पोरगी पेटी घेऊन ह्या दारात उभी राहीन ना, ती अजून जन्माले यायची हाय. तिच्यासाठी काही ठेवलं पायजे का नाही?"

आणि बादली उचलून त्या नव्या भिंतीवर पाणी मारायला गेल्या.